लहान विमानांचा मोठा धडा

विमान पडले, असे शब्द कानी आले की आपल्या काळजात धस्स होते. परंतु जगात अशीही काही मैदाने आहेत की, तेथे सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एखादे तरी विमान हमखास पडते. आणि तरीही कोणाचा जीव जात नाही, की वर्तमानपत्रात चार ओळी छापून येत नाहीत. पडलेले विमान काखोटीला मारून त्याचा मालक खाली मान घालून परत येतो, सोबती त्याच्याभोवती जमतात, आणि थोड्याच वेळात तेथे डिंकाची बाटली उघडली जाते.

ही विमाने म्हणजे रेडिओच्या लहरींवर चालणारे लहान नमुने होत. काहींचे पंख हातभर, तर काहींचे दोन-तीन मीटरही लांब असतात. आत माणूस नसतो. तो खाली गवतावर उभा असतो. त्याच्या हातात एक पेटी असते. तिला ट्रान्समीटर म्हणतात. तिच्यावरील दोन दांड्या तो अंगठ्यांनी हलवितो, आणि वर आकाशात विमानाच्या पंखांवरील व शेपटीवरील झडपा त्या बरहुकूम हलतात. अमेरिका, इंग्लंड इत्यादी देशांत या छंदाची मंडळे आहेत. गावाबाहेर एखादे शेत भाड्याने घ्यावयाचे, त्यातील एक पट्टी गवत कापून गुळगुळीत करावयाची, वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी खांबाला टांगावयाची, एक-दोन मेजे मांडावयाची, की झाले विमानतळ तयार! अमेरिकेतील छंदी मंडळींची ‘अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’ ही संस्था १९३६ साली स्थापन झाली. इंडियाना राज्यातील मन्सी या गावी तिचे एक हजार एकरांहून मोठे मैदान आहे.

हा छंद वाचकांनी उद्यापासून सुरू करावा, असा आमचा आग्रह नाही. ही विमाने का पडतात, आणि पडल्यावर शहाणी माणसे काय करतात, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे. कारण पडणे, मोडणे आणि पुन्हा जोडणे हे काही विमानांच्याच वाट्याला येते असे नाही.

खेळण्यापासून विमानापर्यंत

प्रथम या खेळण्याची वंशावळ थोडक्यात सांगू. माणूस आकाशात उडाला त्याच्या पुष्कळ आधी त्याची खेळणी उडाली होती. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्वीलरी बागेत आल्फोंस पेनो या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे एक चिमुकले विमान उडवून दाखविले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. पुढे १८७८ साली अमेरिकेतील युनायटेड ब्रेदरन या प्रॉटेस्टंट पंथाचे बिशप मिल्टन राइट यांनी प्रवासाहून परतताना आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी असेच रबरावर चालणारे एक खेळणे आणले. बूच, बांबू आणि कागद यांचे ते केलेले होते, आणि सोडताच छताकडे झेप घेई. पोरांच्या हातात ते नाजूक खेळणे किती दिवस टिकणार? ते लवकरच मोडले. पण मुलांनी स्वतः तशीच दुसरी बनविली. मोठी केली की ती नीट उडत नाहीत, हेही त्यांच्या ध्यानी आले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल. १७ डिसेंबर १९०३ रोजी माणसाला घेऊन इंजिनाच्या बळावर उडणारे पहिले विमान त्यांनीच चालविले.

आकार वाढविला की खेळण्याचा न्याय पालटतो, याचा अनुभव सॅम्युएल लँग्ली या थोर विद्वानालाही आला. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे ते प्रमुख. ६ मे १८९६ रोजी त्यांनी पोटोमॅक नदीतील एका नावेवरून वाफेच्या इंजिनावर चालणारे, बिनमाणसाचे विमान सोडले, आणि ते सुमारे एक किलोमीटर उडाले. तेव्हा सर्वांनी त्यांना धन्य धन्य म्हटले. पण माणूस वाहून नेणारे त्यांचे मोठे विमान १९०३ साली ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर अशा दोन्ही वेळी सुटताक्षणीच नदीत कोसळले. चालक सुदैवाने वाचला. विमान मात्र मोडले. नंतर अवघ्या नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले.

रेडिओने विमान चालविण्याची युक्ती त्याहून नंतरची. मिशिगन राज्यातील कलामाझू येथील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली आठ फूट पंखांचे एक विमान रेडिओने उडविले. एका भावास विमाने बांधण्याचा नाद, दुसऱ्यास रेडिओचा. दोघांचे छंद एका घरात नांदले म्हणून हे साधले. ते विमान आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

विमान का पडते?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नवशिक्याचे विमान पडण्याचे पहिले आणि सर्वांत मोठे कारण यंत्रात नसून दृष्टीत आहे. विमान आपल्यापासून दूर जात असते तेव्हा त्याचा उजवा तोच आपला उजवा. पण ते वळून आपल्याकडे येऊ लागले की सगळे उलटे होते. समोरून येणाऱ्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो, तसेच हे. विमान एका बाजूस कलते. चालक घाबरून ज्या बाजूस दांडी ढकलतो त्याने ते अधिकच कलते. आणि काय होत आहे हे कळेपर्यंत ते जमिनीत रुतलेले असते. यावर अनुभवी मंडळींनी एक सोपी खूण सांगून ठेवली आहे. विमान समोरून येत असताना जो पंख खाली कलला असेल, त्याच बाजूस दांडी न्यावी. जणू काय पडत्या पंखाखाली आपण टेकूच देत आहोत! डावे-उजवे आठवत बसण्यास वेळ नसतो. टेकू मात्र शेतकऱ्याच्या पोरालाही क्षणात आठवतो.

दुसरे कारण वेगाचे. विमान तरते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे. उतरताना विमान धावपट्टीपर्यंत पोहोचत नाही असे दिसले की चालकास मोह होतो, नाक थोडे वर उचलावे म्हणजे ते अजून चार हात पुढे जाईल. पण नाक उचलले की वेग कमी होतो. पंख हवेशी फार मोठा कोन करू लागला की त्याला चिकटून वाहणारी हवा सुटते, आधार नाहीसा होतो आणि विमान एका पंखावर पडते. अशा वेळी नाक खाली करून वेग परत मिळवावा लागतो. जमीन जवळ असताना नाक खाली करावयाचे, याला मनाचा मोठा निर्धार लागतो. म्हणूनच जाणते लोक नवशिक्यास सांगतात की, बाबा, आधी उंच जा. एक चूक होऊन ती सावरावी आणि तेवढ्यात दुसरी झाली तर तीही सावरता यावी, इतकी उंची गाठीला असू दे.

तिसरे कारण तोलाचे. विमानाचा भार पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक-तृतीयांश रुंदीवर तोलला पाहिजे. नाक थोडे जड झाले तर विमान जडपणाने का होईना उडते. पण शेपूट जड झाली तर बहुधा ते उडते एकदाच! दोन बोटांवर विमान तोलून पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही, आणि नेमका तोच अर्धा मिनिट उत्साहाच्या भरात कोणास सापडत नाही.

चौथे कारण विसराळूपणाचे. दुरुस्तीनंतर तार उलटी जोडली गेली, म्हणून उजवीकडे सांगितले की विमान डावीकडे जाते. हल्लीच्या ट्रान्समीटरमध्ये अनेक विमानांच्या नोंदी साठविलेल्या असतात. त्यांतील भलतीच निवडली जाते. बॅटरी रात्री भारावयाची राहून जाते. पंखाचा एक स्क्रू घरीच मेजावर राहतो. यांतली एकही चूक आकाशात गेल्यावर सुधारत नाही. जमिनीवर असताना मात्र ती एका नजरेत सापडते. उजवी दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखावरील झडप वर उचलली गेली पाहिजे. एवढे डोळ्यांनी पाहिल्यावाचून विमान सोडू नये.

पाचवे कारण वारा, सूर्य आणि झाडे. विमान सूर्याच्या तेजात शिरले की क्षणभर दिसेनासे होते. वाऱ्याबरोबर दूर गेले की ठिपका उरतो. त्याचे पोट कोणते नि पाठ कोणती ते कळत नाही. आणि झाड तर असे की मैदानात एकच असले तरी विमान नेमके त्यालाच शोधीत जाते! खरे पाहता झाड लांब की विमान लांब, हे एका जागी उभ्या असलेल्या डोळ्यांना नीट कळत नाही, हे त्यामागील साधे कारण.

मैदानाची शिस्त

एवढे असूनही या मैदानांवर माणसे सहसा दगावत नाहीत, याचे श्रेय शिस्तीला आहे. हे खेळणे दिसते तितके निरुपद्रवी नाही. दोन किलो वजनाचे विमान ताशी ७२ किलोमीटर वेगाने अंगावर आले, तर तो आघात सुमारे ६५ फूट उंच माडावरून पडलेल्या तेवढ्याच वजनाच्या नारळाइतका असतो. शिवाय नारळाला मिनिटास आठ-दहा हजार फेरे घेणारे पाते नसते. म्हणून मैदानावर एक रेघ ठरलेली असते. चालक तिच्या अलीकडे एका ओळीत उभे राहतात, बघे व मुलेबाळे त्यांच्याही मागे, आणि विमाने सदैव रेघेच्या पलीकडे. विमान हाताबाहेर गेले तर मोठ्याने ओरडून सर्वांस सावध करावयाचे. आणि ते माणसांकडे वळण्याची शंका आली, तर वाचविण्याच्या खटपटीत न पडता तत्काळ इंजिन बंद करून त्यास मोकळ्या जागी पडू द्यावयाचे. महिनोन्‌महिने खपून बांधलेली वस्तू दुसऱ्याच्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी आपल्याच हाताने जमिनीवर आपटावी लागते. हा नियम कागदावर दोन ओळींचा आहे. पाळण्याची वेळ येते तेव्हा त्याचे वजन कळते.

पूर्वी या मैदानांवर आणखी एक व्यवस्था होती, ती सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्‌झ आणि इंग्लंडात ३५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात ही यंत्रे चालत, आणि त्या पट्ट्याचे अनेक क्रमांकित भाग पाडलेले होते. एका क्रमांकावर एका वेळी एकच ट्रान्समीटर चालू शके. दुसऱ्या कोणी त्याच क्रमांकाचे बटण दाबले, तर आकाशातील विमानास दोन मालकांचे हुकूम एकदम मिळत आणि ते कोसळे. म्हणून मैदानाच्या तोंडाशी एक फळा असे आणि त्यावर प्रत्येक क्रमांकाचा एकेक चिमटा. ज्याच्याजवळ चिमटा, त्यानेच यंत्र चालू करावे. एकाने घाई केली की दुसऱ्याच्या श्रमाची राख! सुमारे २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील यंत्रे आली. त्यांत प्रत्येक विमान आपल्याच ट्रान्समीटरचा आवाज ओळखते, त्यामुळे तो धोका जवळपास नाहीसा झाला, आणि फळे भिंतीवरून उतरले.

परंतु त्याबरोबर एक सोयीची सबबही गेली. पूर्वी विमान पडले की चालक पटकन म्हणे, ‘रेडिओत काही तरी बिघाड झाला!’ कधी ते खरे असे. पण पुष्कळदा दोष अंगठ्यांचा असे आणि आरोप लहरींवर जाई. नवी यंत्रे आली तरी विमाने पडावयाची काही थांबली नाहीत. बिचारा रेडिओ इतकी वर्षे किती जणांची पापे वाहत होता, ते तेव्हा दिसून आले.

पडल्यानंतर

विमान पडल्यावर शहाणा चालक प्रथम काय करतो? तो धावत सुटत नाही. जेथे उभा आहे तेथेच राहून, विमान ज्या दिशेस दिसेनासे झाले त्या दिशेची एखादी खूण, एखादे झाड अथवा खांब, तो मनात धरतो. किती अंतरावर पडले याचा अंदाज बहुधा चुकतो. दिशा मात्र चुकत नाही. दुसऱ्या जागी उभ्या असलेल्या सोबत्यानेही आपली खूण धरली असेल, तर दोन रेघा जेथे एकमेकींस छेदतील तेथे विमान सापडते. शेजारच्या शेतात उभे पीक असेल तर शेतकऱ्यास विचारूनच आत जावयाचे आणि ओळीओळींनी चालावयाचे. आपल्या खेळण्यासाठी दुसऱ्याचे पीक तुडविणाऱ्या मंडळास ते मैदान फार दिवस लाभत नाही.

विमान सापडल्यावर हात लावण्याआधी गती देणारी दांडी शून्यावर आहे हे पाहून मग बॅटरी सोडवावयाची. नाहीतर मातीत अडकलेले पाते मोकळे होताच बोटांवर फिरते. ही लिथियमची बॅटरी मोठी लबाड असते. आपटल्यावर वरून धडधाकट दिसते आणि पाऊण तासाने घरात किंवा मोटारीत पेट घेते. म्हणून तिला उघड्यावर, वाळूत किंवा मातीत, पेटण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवावे. फुगलेली असेल तर पुन्हा कधीही भारू नये. हल्ली आपल्या घरांतील मुलांच्या खेळण्यांतही अशा बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. तेव्हा ही सूचना आयाबापांनी ध्यानी धरावी.

मग सगळे तुकडे गोळा करावयाचे, अगदी नखाएवढेही. एक तर तुटक्या काठावर काठ बसवून जोडले की सांधा नेमका बसतो. आणि दुसरे म्हणजे, ते तुकडेच पडण्याचे कारण सांगतात. झडपेची तार सुटलेली आहे काय? पंखाचा स्क्रू उपटला गेला आहे, की मुळातच नव्हता? बॅटरीत वीज किती उरली आहे? सर्व जागच्या जागी असेल, तर चूक चालकाची, हे मुकाट्याने मान्य करावयाचे. ज्याने खरे कारण शोधले त्याचे विमान पुढच्या खेपेस निराळ्या कारणाने पडते. ज्याने सबब शोधली त्याचे पुन्हा त्याच कारणाने.

दुरुस्तीची साधने साधी असतात. जुन्या पद्धतीची विमाने बाल्सा लाकडाची. हे लाकूड मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून येते आणि आपल्या सागाच्या साधारण पाव वजनाचे असते. नवी विमाने थर्माकोलसारख्या, पण त्याहून चिवट अशा फेसाची. चुरगळलेले नाक गरम पाण्यात धरले की ते बरेचसे पूर्ववत फुगते. बाकीचे काम क्षणात चिकटणारा डिंक करतो. त्या डिंकाचीही गंमत आहे. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत दुसऱ्याच कामासाठी प्रयोग चालू असता तो पदार्थ हाती आला, आणि ‘हा सगळ्याला चिकटतो’ म्हणून निरुपयोगी ठरला. पुढे १९५८ साली त्याच दुर्गुणासाठी तो बाजारात आला!

समुद्रापलीकडे

या छंदातील सर्वांत मोठा पराक्रमही पडझडीतूनच उभा राहिला आहे. मेनार्ड हिल हे अमेरिकन अभियंते. निवृत्तीनंतर त्यांनी मनावर घेतले की, पाच किलोंच्या आतले विमान अटलांटिक महासागरापार पाठवावयाचे. तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि कानांनीही दगा दिला होता. त्यांनी बाल्सा लाकूड बोटांनी चाचपून विमाने बांधली. वाटेत विमान आपणच दिशा धरील अशी यंत्रणा मित्रांच्या साहाय्याने बसविली. २००२ साली पाठविलेली विमाने समुद्रात नाहीशी झाली. थकलेल्या, वृद्ध माणसाने तेथेच हात टेकले असते तर कोणी बोल लावला नसता. पण ९ ऑगस्ट २००३ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअर टोकावरून आपल्या हाताने आणखी एक विमान सोडले. ३८ तास आणि ५२ मिनिटांनी, सुमारे ३,०३० किलोमीटर ओलांडून, ते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लिफडन गावाजवळ उतरले. तेव्हा त्यातील इंधन जवळपास संपलेले होते.

त्याच क्लिफडनजवळ १५ जून १९१९ रोजी ॲलकॉक आणि ब्राउन यांचे मोठे विमान, न थांबता अटलांटिक ओलांडणारे पहिले विमान, उतरले होते. हिरवे कुरण समजून त्यांनी ते खाली आणले. ती निघाली दलदल, आणि विमान नाकावर उभे राहिले. जगाने त्यांचा जयजयकार केला, आणि तो योग्यच होता. पण चिखलात रुतलेल्या त्या नाकाचे छायाचित्रही इतिहासाने जपून ठेवले आहे.

आपल्या घरी

आता आपल्याकडचा विचार करू. आपल्या मुलांना या विद्येचा परिचय व्हावा असे वाटत असेल, तर एन. सी. सी. च्या वायुशाखेत नमुना-विमाने बांधण्याचे व उडविण्याचे शिक्षण मिळते. त्याहूनही सोपे म्हणजे कागद, बांबूची काडी आणि रबर. बिशप राइट यांच्या मुलांजवळ याहून अधिक काही नव्हते. परंतु कोणी रेडिओचे विमान विकत घेणार असेल, तर एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, जेथे जेथे आपली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तेथे तेथे विमानतळ आहेत, आणि काही ठिकाणी वायुदलाचे तळही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार सरकारने आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे विभाग पाडले आहेत. आपले गाव कोणत्या विभागात येते ते पाहिल्याशिवाय, आणि जाणत्या माणसास सोबत घेतल्याशिवाय, विमान उडवू नये. जत्रा, मिरवणूक किंवा शाळेचे पटांगण यांवरून तर कधीच उडवू नये.

शेवटी आयाबापांशी दोन शब्द. मुलाच्या हातून वस्तू मोडते. ती किमतीची असते, आणि आपल्या घरांत पैसा सहजासहजी येत नाही. म्हणून राग येणे साहजिक आहे. परंतु रागाच्या भरात ‘कोणी मोडले?’ एवढाच प्रश्न विचारला, तर मूल सबब शोधावयास शिकते. ‘कशाने मोडले, चल पाहू’ असे म्हणून त्याच्या शेजारी बसलो, तर ते कारण शोधावयास शिकते. सबब सांगण्याची सवय लागली की ती खेळण्यापाशी थांबत नाही. पुढे ती परीक्षेत, नोकरीत आणि संसारातही सोबत येते. खरे कारण सांगण्याचे धैर्यही असेच लहानपणी, मोडक्या वस्तूंवरच मिळवावे लागते. तेव्हा घरात डिंकाची एक बाटली असू द्यावी, आणि तुकडे केरात टाकण्यापूर्वी एकदा मुलाबरोबर मेजावर मांडून पाहावेत.